परसाद आणि प्रसाद: एका कवितेवर दिलेल्या अभिप्रायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. कविता वाचायच्या, ऐकायच्या, चहा घ्यायचा आणि दिवेलागणीला घरी जायचं. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. त्यामुळं शेवटी बोलायचा मान कुणी न देताच माझ्याकडं आला, आणि मीही तो कधी नाकारला नाही. बाकी मंडळींत एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. औषधाचं दुकान चालवणारे एक जण, बी.एड. करणारा आणि गझला लिहिणारा एक मुलगा, अंगणवाडीतल्या एक ताई. नावं कुणाचीच देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. ज्यांच्याविषयी हे सगळं आहे त्यांना आधी वाचून दाखवलं आणि त्यांनी 'लिवा की' म्हटल्यावरच पुढं गेले.

ते वीज खात्यात लाईनमन आहेत. वय चाळिशीच्या आसपास. दिवसभर डीपी, फ्यूज, थकबाकीच्या याद्या आणि लोकांच्या शिव्या. कविता लिहितात त्या याच याद्यांच्या कोऱ्या पाठीवर, आणि जमल्या की वहीत उतरवतात. आमच्याकडं यायला लागून त्यांना वर्ष झालं होतं, पण स्वतःचं कधी वाचलं नव्हतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या थोडं आधी, किल्लारी-सास्तूरकडचा भाग भूकंपानं हादरला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून गावं उशिरा झोपली होती. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर त्या पहाटे माणसांवर आलं. त्यांचं गाव पुढं दुसरीकडं वसलं. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत.

त्या रविवारी काय घडलं

एका रविवारी ते वहीसोबत एका कवितेच्या झेरॉक्स घेऊन आले आणि सगळ्यांना एकेक प्रत दिली. वहीत बावीस कविता होत्या. त्यांचा संग्रह काढायचा विचार आहे, पतसंस्थेकडून पंचेचाळीस हजारांचं कर्ज मिळतंय, एका छापखान्याशी बोलणं झालंय, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "छापण्याजोगं हाय का, तेवढं सांगा."

हा प्रश्न इथं मुद्दाम जसाच्या तसा लिहिला आहे, कारण पुढच्या तासाभरात त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

कवितेची सुरुवात अशी होती:

माळवद जुनं व्हतं
खाली सात जणं गाढ
धाकलीच्या उशापाशी
इसर्जनाचा परसाद

ते वाचत होते आणि मी झेरॉक्सवर लाल पेन्सिल फिरवत होते. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला हात, समोर कागद आला की आपोआप चालू लागतो. कविता अष्टाक्षरीत होती. अष्टाक्षरीत चरणाला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरूचा हिशेब नाही. चौथी ओळ मोजली तर नऊ भरली. मी 'इसर्जनाचा परसाद' खोडून वर 'विसर्जनाचा प्रसाद' लिहिलं. शब्द शुद्ध झाला आणि अक्षरंही बरोबर आठ झाली. एका फटक्यात दोन चुका निघाल्या याचा मला आनंद झाला, हे लपवत नाही. 'व्हतं'चं 'होतं' केलं. शेवटच्या कडव्यापाशी आले:

काळाची क्रूर करणी
हिरावले सारे प्राण
भूमातेला दया नाही
कुणा सांगू माझे गान

भाषा प्रमाण, अक्षरं आठ-आठ. मी तिथं बरोबरची खूण केली.

वाचून झालं. खोलीत कुणी हललं नाही. ताईंनी पदर डोळ्याला लावला. मग भाऊसाहेबांनी शांतता मोडली, "एक नंबर! लई भारी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, "अनुभव फार मोठा आहे, पण कविता अजून त्याच्या उंचीची झालेली नाही." वाक्य मनात आधीच घोळून ठेवलेलं होतं, चांगलं जमलंय असं वाटलंही. मग चौथ्या ओळीतली चूक समजावून सांगितली आणि लाल झालेली प्रत त्यांच्या हातात दिली.

"बरं बाई," एवढंच म्हणाले. वही माझ्यापाशीच राहू दिली, चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

अडचण

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. ड्युटी असेल असं आम्ही धरून चाललो. मग एका वादळात आमच्या गल्लीची लाईट गेली आणि खांबावर चढायला तेच आले. खाली उतरल्यावर मी पाणी दिलं आणि विचारलं, नवीन काय लिहिलं? ते म्हणाले, "सध्या लिवणं बंद हाय बाई. तुम्ही म्हणलाव ते खरं हाय. आपल्याला त्या उंचीचं न्हाई जमायचं."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझं वाक्य पाठ केलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

समोर असलेले पर्याय

भाऊसाहेबांचा सल्ला सरळ होता: "घरी जा, 'लई भारी कविता हाय' म्हणा, विषय संपवा." पण हा माणूस दिवसभर तारेतला करंट ओळखतो, खोटं कौतुक त्याला कळणार नाही असं समजणं हा दुसरा अपमान झाला असता. शिवाय 'एक नंबर' तर त्याच दिवशी मिळालं होतं. त्यातून त्यांच्या हाती काय लागलं?

दुसरा मार्ग माझ्या स्वभावाला धरून होता. बावीसही कवितांवर सविस्तर टिपण लिहायचं, गुण-दोष, छंद, प्रतिमा, सगळं. मी सुरुवातही केली. फुलस्केपची चार पानं भरल्यावर माझं मलाच कळलं की हे टिपण कवीसाठी चाललेलं नसून माझी चूक किती अभ्यासपूर्ण होती हे सिद्ध करण्यासाठी चाललं आहे. पानं फाडली.

लातूरच्या एखाद्या जाणत्या कवीकडं वही पाठवावी असंही मनात आलं. त्यात शहाणपण कमी आणि अंग काढून घेणं जास्त होतं. काहीच न करण्याचाही एक पर्याय असतोच, मोठा माणूस आहे, लिहील नाहीतर सोडेल. या पर्यायाजवळ मी आठवडाभर थांबले होते.

अडलेलं गाडं हललं ते ताईंच्या एका प्रश्नानं. अंगणवाडीतून जाता जाता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही त्यांची कविता ऐकली का हो? मला तर तुम्ही सगळा वेळ कागदातच दिसलाव."

पेन्सिल बाजूला ठेवून

त्या रात्री मी कविता हातानं उतरवून काढली. तपासायला नाही, नुसती उतरवून. हाताचा वेग डोळ्यापेक्षा कमी असतो, त्यामुळं शब्द पुटपुटले जातात. चौथ्या ओळीला आले आणि पुटपुटताना थबकले. 'परसाद' असं चार अक्षरं सुटी करून आमच्याकडं बोलतं कोण? तोंडात येतं ते 'पर्साद'. इ, स, र्ज, ना, चा, प, र्सा, द. आठ. ओळ पहिल्यापासून बरोबर होती. त्यांनी फक्त कानाला आलेलं लिहिताना र सुटा लिहिला होता.

आणि मी घातलेला 'विसर्जनाचा प्रसाद'? तोही आठ अक्षरांचा, पण तो कार्यक्रमपत्रिकेतला शब्द. धाकट्या बहिणीच्या उशाशी खिरापतीची पुडी ठेवणारा नऊ वर्षांचा पोरगा 'प्रसाद' म्हणत नाही. शब्द बदलला तसा मी त्या पोराला त्या खोलीतून बाहेर काढलं होतं. पैठणच्या नाथांची भारुडं शिकवताना बोलीचं केवढं कौतुक केलं असेल मी वर्गात! तीच बोली समोर जिवंत माणूस बोलला की हात पेन्सिलीकडं गेला.

मग शेवटचं कडवं उतरवलं. हात सरसर चालला. कुठंच अडलं नाही, कारण तिथं अडण्यासारखं काही नव्हतंच. 'क्रूर करणी', 'हिरावले प्राण', 'भूमातेला दया नाही' ही वाक्यं कुणाच्याही श्रद्धांजलीच्या फलकावर चालतील. कवितेतली सर्वांत चांगली ओळ मी खोडली होती आणि सर्वांत पोकळ कडव्यावर बरोबरची खूण केली होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "डीपीचं काम हाय, संध्याकाळी येतो," म्हणाले आणि खरंच आले, कमरेचा पट्टा न सोडता.

काय बोलायचं हे ठरवताना मला एक निर्णय घ्यावा लागला. त्या रात्रीविषयी, धाकलीविषयी विचारायचं का? कविता एवढ्या खऱ्या मरणावर उभी असताना तिच्या अक्षरांची चर्चा करणं निर्दयपणाचं वाटत होतं. उलट बाजूनंही पाहिलं. ते सांत्वनाला आले नव्हते. सांत्वन करणारे त्यांना तीस वर्षं भेटत आले असतील, कविता म्हणून वाचणारं कुणी भेटलं नव्हतं. मी घटनेविषयी काही न विचारता ओळींबद्दलच बोलायचं ठरवलं. आजही मला धाकलीचं नाव माहीत नाही.

सुरुवातीला एवढंच म्हणाले, "चौथ्या ओळीत तुमची चूक नव्हती, माझ्या मोजण्यात होती. मी 'परसाद' वाचलं, तुम्ही 'पर्साद' म्हणाला होतात." लांबण लावली नाही. लांबलचक माफीत समोरच्यालाच आपली समजूत काढावी लागते.

मग विचारलं, "हे तुम्ही कशाच्या चालीवर बांधलंत?" ते जरा लाजले. आई जात्यावर म्हणायची त्या ओव्यांच्या चालीवर, म्हणाले. मी म्हटलं, मग तसंच म्हणा. त्यांनी डोळे मिटून, हलक्या आवाजात कविता म्हटली. जात्यावरच्या ओवीत अक्षरं मोजून घालत नाहीत, घास जड पडला की आवाज ओढतात, हलका पडला की दोन अक्षरं एकात गिळतात. कागदावर मला जिथं खडबड दिसली होती तिथं गळ्यात घरंगळतं जातं फिरत होतं.

त्यांचं म्हणून झाल्यावर मी 'छान' म्हटलं नाही. मला काय झालं ते ओळीवर बोट ठेवून सांगितलं. "'खाली सात जणं गाढ' इथं मी आत आले. 'गाढ'च्या पुढं 'झोपलेले' नाही, ते मी भरलं आणि भरताना दचकले. 'पुडी तशी, गाठ तशी, सोडायला कोन न्हाई' इथं मला श्वास घ्यावा लागला. आणि 'काळाची क्रूर करणी' आलं तेव्हा मी घराबाहेर पडले, कुठल्यातरी सभेत येऊन बसले."

ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. "ते मागून लावलंय," म्हणाले. एका कविसंमेलनात त्यांनी ही कविता म्हटली होती. सूत्रसंचालकानं खाली उतरताना सांगितलं, शेवट जोरात पाहिजे, टाळी पडली पाहिजे. घरी येऊन त्यांनी चार ओळी जोडल्या. म्हणजे माझ्याआधीही त्यांना अभिप्राय मिळाला होता, आणि तो त्यांनी इमानदारीत अमलातही आणला होता.

"मंग काढू का?" त्यांनी विचारलं.

या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण मला हाच वाटतो. 'काढा' हा शब्द ओठावर होता. तो म्हटला असता तर सूत्रसंचालकाच्या जागी बाई आल्या असत्या, एवढाच फरक. मी कडव्यावर तळहात ठेवला आणि म्हटलं, "असं एकदा म्हणून बघा." त्यांनी पुन्हा म्हटली. 'सोडायला कोन न्हाई'पाशी थांबले. बाहेरून दूधवाल्याची गाडी गेली.

"हितंच संपलं की हे," ते म्हणाले.

संग्रहाचा प्रश्न

इथं सगळं बरं चाललं होतं, म्हणून मी पुन्हा घसरले. 'छापण्याजोगं हाय का' याचं उत्तर राहिलं होतं. बावीसमधल्या कुठल्या सात-आठ कवितांकडं मी परत जाईन ते एकेक नाव घेऊन सांगितलं आणि उरलेल्यांत मला नेमकं काय कमी वाटतं तेही. हे त्यांनी विचारलेलंच होतं. पण त्याच दमात मी म्हणाले, "कर्ज काढून संग्रह काढू नका. पदरचे पैसे घालून छापलेल्या पुस्तकांचे गठ्ठे आपल्याकडं माळ्यावर पडून आहेत."

सल्ला चुकीचा नव्हता. लाईनमनच्या पगारातून पतसंस्थेचा हप्ता कसा जातो ते मला ठाऊक आहे, आणि वाटून संपवलेले, उरलेले, उंदरांनी खाल्लेले संग्रह मी पाहिलेत. पण पुस्तक कशासाठी हवंय, हे मी विचारलंच नव्हतं. ते मला महिन्याभरानं ताईंकडून कळलं. ज्यांच्या ओव्यांची चाल त्यांनी घेतली होती त्या आई आता थकल्या होत्या आणि त्यांच्या हातात पुस्तक द्यायचं होतं. त्यांना वाचता येत नाही. पुस्तकविक्रीचा आणि नावलौकिकाचा इथं संबंधच नव्हता. हा हेतू मला आधी माहीत असता तर मी 'काढू नका' म्हणायच्या ऐवजी 'किती प्रती लागतील?' असं विचारलं असतं. शेवटी त्यांनी आपल्या अकलेनं तेच केलं. आठ कवितांची, पिनांनी टाचलेली पुस्तिका स्थानिक छापखान्यात करून घेतली, पन्नास प्रती. कर्ज काढलं नाही, समारंभही केला नाही. याचं श्रेय मला नाही.

पुन्हा वेळ आली तर

कविता वाचली जात असताना हातात कागद घेणार नाही. झेरॉक्स असल्या तरी वाचून झाल्यावर वाटायच्या, हा आता आमचा शिरस्ता आहे. कविता दोनदा वाचायची. पहिल्या वाचनानंतर कुणी मत द्यायचं नाही, फक्त लक्षात राहिलेली ओळ परत म्हणायची. गंमत अशी की दहा जणांकडून एखादी ओळ चारदा परत आली आणि एक अख्खं कडवं कुणालाच आठवलं नाही, तर कवीला अर्धा अभिप्राय तिथंच मिळतो. भाऊसाहेबांना हे जड गेलं. अजूनही त्यांच्या तोंडून 'एक नंबर' निसटतं, मग आम्ही विचारतो, कुठली ओळ? आणि ते खरंच सांगतात.

चमकदार वाक्य चारचौघांत टाकणार नाही. 'अनुभव मोठा, कविता लहान' या वाक्यात कवीनं उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं याची कणभर सूचना नव्हती. ते माझ्याविषयीचं वाक्य होतं.

पण हे मऊपण सगळ्यांना चालतं असंही नाही. पुढच्याच महिन्यात गझलवाल्या पोरानं गझल वाचली. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'पाणी' आणि 'गाणी' असा काफिया, म्हणजे यमक, घेतलं होतं आणि चौथ्या शेरात 'माती' आलं. मी नव्या पद्धतीनं, कुठं आत गेले, कुठं बाहेर आले असं सांगू लागले तर तो वैतागला. "बाई, काफिया चुकलाय का, तेवढं बोला. गोड बोलू नका." त्याचं बरोबर होतं. गझलेनं स्वतःहून नियम स्वीकारलेला असतो, तो मोडला तर मोडला म्हणायचं. जात्यावरच्या चालीत बांधलेल्या ओळीला मी गझलेची फूटपट्टी लावली होती, आणि आता गझलेपुढं जातं मांडून बसले होते. कुणाला काय हवंय ते आधी विचारणं मला अजून दर वेळी जमत नाही.

निष्पत्ती

लाईनमन परत यायला लागले. लिहिणं सुरू झालं, आधीपेक्षा कमी. शेवटचं कडवं त्यांनी पुस्तिकेतून काढलं, पण कविसंमेलनात अजून म्हणतात. मी एकदा डोळे वटारले तर म्हणाले, "माईकपुढं बसलेल्या मानसाला बी काहीतरी लागतं की बाई." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यांनी दोन कविता एका दिवाळी अंकाला पाठवल्या. पाठवण्याआधी मला विचारलं नाही, हे मला चांगलं लक्षण वाटलं. एक परत आली, चिठ्ठीचपाटी काही नाही. माळवदाची मात्र छापून आली. अंक घेऊन ते थेट आमच्या घरी आले आणि पान उघडून माझ्यापुढं धरलं. चार कडवी, शेवट 'कोन न्हाई'वर. मग त्यांनी पहिल्या कडव्याच्या चौथ्या ओळीखाली नख ओढलं. तिथं छापलं होतं, 'विसर्जनाचा प्रसाद'.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं आठच होती.

लाईनमन हसायला लागले. "काय करावं बाई, तुमच्यासारखं कुनीतरी तिथं बी हाय," म्हणाले आणि खिशातलं बॉलपेन काढून ओळ नीट करायला लागले.